वेगवान गोळीचा मोह

शिरूरहून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर पॉइंट टूटू रायफलच्या सरावाला जाणारे आम्ही मोजकेच. मध्यंतरी लक्ष्यावरचा माझ्या गोळ्यांचा ग्रुप अचानक फुटला. एक गोळी दहाला, तर पुढची थेट आठला. कुणी डोळे तपासायला सांगितले, कुणी श्वासाचा दोष काढला. दौंडच्या एसआरपीतून निवृत्त झालेले आमचे दाजी एवढेच म्हणाले, "आधी काडतुसांची डबी दाखव."

डबी 'हाय व्हेलॉसिटी'ची निघाली. वेग जास्त तर नेम पक्का, असे सांगून ओळखीतल्या एकाने ती गळ्यात मारली होती.

स्पर्धेची पॉइंट टूटू गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जड. ती सेकंदाला सुमारे 330 मीटर जाते, आवाजापेक्षा थोडी हळू. नळीतले आटे तिला दर 16 इंचांना एक फेरा देतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 800 गिरक्या झाल्या. भोवऱ्यासारखी ती गिरकीवरच सरळ राहते. वेगवान गोळी 380च्या आसपास निघते आणि लक्ष्यापर्यंत पोचता पोचता आवाजाच्या वेगाशी येऊन टेकते. नेमकी तिथेच हवा तिला डळमळवते. वर आडव्या वाऱ्यात ती संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. हे ऐकायला उलटे वाटते. पण हवा गोळीचा वेग किती खाते, त्यावर हे सरकणे ठरते.

50 मीटरवरचे दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली ऑलिंपिक ब्राँझ मिळवले ते याच लक्ष्यावर. तिथे डळमळीला जागाच नाही.

तेव्हा नव्या पोरांनो, वेग नको, लॉट, म्हणजे काडतुसे कोणत्या खेपेत बनली ते बघा. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे पडतात. रायफलला टेकू देऊन चार लॉट मारून पाहा, ज्याच्या गोळ्या एकाच जागी पडतील त्याचाच साठा करा. लॉट मिसळू नका. नळी साफ करताना गज मागून घाला. पुढच्या तोंडाची कड थोडी जरी खरचटली तरी बाहेर पडतानाच गोळी कलते.

आणि परवाना आहे म्हणून घोडनदीकाठी किंवा उसाच्या बांधावर नेम तपासायला जाऊ नका. ही एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.