गार हवेचा कारागीर : करारातला पगार आणि कराराबाहेरचा



आपल्या गाळप क्षेत्रातली पुष्कळ मुलं हल्ली आयटीआयमध्ये 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' हा ट्रेड घेऊ लागली आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे जमलं तर अप्रेंटिसशिप, आणि मग पुणं. रुग्णालयं, हॉटेलं, दूध डेअऱ्या, हिंजवडीच्या काचेच्या इमारती, सगळीकडे हवा गार ठेवणारा माणूस लागतो. काम मिळण्याची अडचण फारशी नाही. अडचण दुसरीच आहे. एका हाताला कंपनी असते, तिथे युनियन असते, आणि हातात एकवीस-साडेएकवीस हजार पडतात. दुसऱ्या हाताला ओळखीचा मिस्त्री असतो, आणि तो मे महिन्यात बत्तीस हजार मोजून दाखवतो. पोरगा साहजिकच बत्तीसकडे बघतो. वडीलही बघतात. हा हिशेब नीट कसा मांडायचा, एवढ्यापुरताच आजचा पाठ आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून, म्हणजे बॉयलरपासून करू.

साखर कारखान्यातला बॉयलर अटेंडंट हा उष्णतेचा कारागीर. त्याचा पगार कारखान्याचे चेअरमन मनाला येईल तसा ठरवीत नाहीत. केंद्र सरकारने १९५७ साली साखर धंद्यासाठी वेतन मंडळ नेमलं आणि तेव्हापासून या धंद्यात श्रेणी बांधून पगार देण्याची रीत पक्की झाली. महाराष्ट्रात आता कारखाने, कामगार संघटना आणि शासन यांची त्रिपक्षीय समिती बसते आणि पाच-पाच वर्षांचा करार होतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या मुदतीला १२ टक्के वाढ मिळाली, ती २०२१ मध्ये ठरली. १ एप्रिल २०२४ पासूनच्या मुदतीला १० टक्के मिळाली, ती ठरायला २०२५ चा जुलै उजाडला. म्हणजे करार उशिरा होतो, फरक मागाहून मिळतो, आणि काही कारखान्यांकडे तो थकतोही. हे कामगार सभासदांना वेगळं सांगायला नको. पण श्रेणी काय, वाढ किती आणि कोणत्या तारखेपासून, हे कागदावर असतं. म्हणून थकलेलं मागता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाळप संपलं की हंगामी कामगार घरी बसतो, पण त्या बसण्याच्या महिन्यांचाही त्याला काही हिस्सा मिळतो. त्यालाच आपण रिटेन्शन म्हणतो. धंदा हंगामी आहे, त्यात कामगाराचा काय दोष, ही गोष्ट संघटनेने भांडून मान्य करून घेतली आहे.

आता पुण्याकडे वळू. एसीचं कामही हंगामीच आहे. फेब्रुवारी सरता सरता फोन वाजू लागतात, मार्च ते जून मिस्त्रीला जेवायला फुरसत नसते, आणि पाऊस लागला की पोरं दुकानात कॅरम खेळतात. आपलं गाळप थंडीत, यांचं उन्हाळ्यात, एवढाच फरक. रिटेन्शन मात्र त्यांना कोणी देत नाही.

आकडे मांडून पाहू. खालचे आकडे कोणा एका कंपनीचे नाहीत, समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, पुण्याच्या एका कारखान्यात चिलर सांभाळणारा कायम कामगार आहे. मूळ पगार आणि महागाई मिळून २०,००० रुपये, इतर भत्ते ४,०००, एकूण २४,०००. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे २,४०० आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात २१,४०० पडतात. घरी हाच आकडा कळतो. पण कापलेले २,४०० कुठे गेले नाहीत, ते त्याचेच आहेत. शिवाय कंपनी आपल्याकडचे तेवढेच घालते, वर्षाचे २८,८००. करारात बोनस २०,००० धरू. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी साठत जाते आणि तिथे महिना २६ दिवसांचा धरतात. २०,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे ११,५३८. वर्षाचा पगार २,८८,००० आहे. सगळं मिळून ३,४८,३३८.

मिस्त्रीकडचा मुलगा चार महिने ३२,००० घेतो, त्याचे १,२८,००० झाले. उरलेले आठ महिने १८,००० धरा, त्याचे १,४४,०००. बेरीज २,७२,०००. यातून पेट्रोल, मोबाइल आणि स्वतःची हत्यारं महिन्याला ३,००० धरली तर ३६,००० गेले. राहिले २,३६,०००. मे महिन्यात जो दहा हजारांनी पुढे दिसत होता, तो वर्षअखेरीला लाखाहून जास्त मागे पडला, नेमकं सांगायचं तर १,१२,३३८ रुपयांनी.

आता तास मोजा. पहिला महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास भरतो, वर्षाचे २,४९६ तास. दुसरा हंगामात अकरा-अकरा तास आणि महिन्याला २८ दिवस राबतो, बाकीचे आठ महिने पहिल्याइतकाच, एकूण २,८९६ तास. पहिल्याला तासाला १४० रुपये पडले, दुसऱ्याला ८१. पहिल्याने जास्तीचे तास भरले तर कायद्याने दुप्पट दर लागतो. दुसऱ्याच्या जास्तीच्या तासांना मिस्त्री 'सीझन आहे, समजून घे' म्हणतो.

आणि एक खर्च कोणत्याच बेरजेत येत नाही. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर टांगलेलं युनिट दुरुस्त करताना पाय घसरला तर? राज्य विम्याचं कार्ड असेल तर उपचार आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते. पण राज्य विमा साधारणपणे दहा कामगार असले की लागू होतो, निर्वाह निधी वीस असले की. पुण्यातल्या पेठांमधल्या एसी दुरुस्तीच्या दुकानात बहुधा चार-पाच पोरं असतात. म्हणजे दोन्ही नाहीत. शिवाय जुना आर-२२ गॅस जाऊन आर-३२ सारखे ज्वलनशील गॅस आले आहेत. त्यात ब्रेझिंगचा दिवा पेटवणारा हात अर्धवट शिकलेला असेल तर धोका वाढतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा. युनियनवाला आणि बिगरयुनियनवाला म्हटलं की पावती फाडणारा आणि न फाडणारा, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत या धंद्याची जुनी संघटना आहे, 'युनायटेड असोसिएशन', १८८९ साली स्थापन झालेली. तिथे करारातल्या ठेकेदाराकडे तासाचा दर ठरलेला असतो आणि निवृत्तिवेतन, दवाखाना वेगळा. सगळे धंदे मिळून तिथल्या सरकारचे २०२४ चे आकडे असे, की युनियनवाल्याची मधली आठवडी कमाई १,३३७ डॉलर आणि बिगरयुनियनवाल्याची १,१३८. आपल्याकडे रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, पावती नसलेल्यालाही. बाहेर राहतो तो कंत्राटी. एकाच चिलरपाशी दोघं उभे असतात, एकच कपडे घालतात, एकाच्या खिशात कंपनीचं ओळखपत्र, दुसऱ्याच्या खिशात ठेकेदाराचं. सारख्या कामाला सारखा पगार, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं होतं, पण ते मागायला जाणारा कंत्राटी कामगार दुसऱ्या महिन्यात कामावर नसायचा. माझ्या मते युनियनांनीही या माणसाकडे फार काळ पाठ फिरवली. कायमांची संख्या आटत गेली तशी त्यांची ताकदही आटली.

युनियन म्हणजे विजय, असंही कोणी समजू नये. पुण्यात १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते. सप्टेंबरअखेर एका पहाटे पोलिसांनी त्यांना उचलून नेलं आणि संप मागण्या पदरात न पडताच संपला. त्या काळात बुडालेला पगार वरच्या बेरजेतून वजाच करावा लागेल. आणि सुट्या कामाची एक बाजू खरी चांगली आहे. मिस्त्रीबरोबर पाच वर्षं फिरलेला मुलगा वीस प्रकारची यंत्रं उघडतो, गिऱ्हाईक ओळखतो, पुढे स्वतःचं दुकान टाकू शकतो. कंपनीतला एकाच चिलरवर पंधरा वर्षं काढतो. ज्याला दुकान टाकायचंच आहे त्याने पाच वर्षं मिस्त्रीकडे जरूर काढावीत, पण फी भरून शिकतो आहोत असं समजून, पगार मिळवतो आहोत असं समजून नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी या मुलांच्या उपयोगाच्या आहेत. एक, प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. दुसरी, ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायचं नाही, एका वर्षावर ती लागू होते. तेव्हा मुलगा कामाला लागताना पगाराच्या आकड्याआधी पुढचं विचारावं : पत्र कोणाच्या नावाचं आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? निर्वाह निधीचा क्रमांक मिळेल का? जुलै ते जानेवारी पगार किती? महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे का? शासन किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, नव्याने जाहीर करतं. दुकानदाराने तो दिला की नाही, हे एका पावतीवर कळतं. ती पावती मिळत नसेल तर पहिल्या महिन्यापासून वहीत तारीखवार तास आणि रक्कम लिहून ठेवावी.