याला कान कुठाय?

माणिकगडाचं नाव ऐकलं आणि मी विरघळलो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमचं घर मराठवाड्यातून जिवतीला आलं. त्या गडाच्या सावलीतच मी मास्तरकी केली. विक्रेता म्हणाला, "गुरुजी, हे पिस्तूल गडाखालच्या वावरात नांगराला लागलं. १८१८ साली इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला, तेव्हाच्या साहेबाचं." पितळी वेलबुट्टी, गुळगुळीत लाकडी दस्ता, बाजूच्या पत्र्यावर मुकुट आणि 'टॉवर' ही अक्षरं. अठरा हजार मोजले.

पावसाळ्यात एक कोलाम बाबा घरी आले. जन्मभर भरमार बंदुका पाहिलेला माणूस. त्यांनी पिस्तूल उलटंपालटं केलं, सुई मागितली. "मास्तर, याले कानच नाही. जाळ आत जाईन कुठून?"

चकमकीच्या पिस्तुलात घोड्यातली गार पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी रंजकावर पडते, आणि त्याचा जाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आतल्या दारूला लागतो. माझ्या पिस्तुलाला तिथे नुसता खळगा होता. म्हणून असं पिस्तूल विकत घेताना कानात सुई घालून पाहा. आरपार गेली, तर कानाच्या कडा पाहा. वापरातल्या हत्याराच्या कडा दारूने खाल्लेल्या असतात. नळीला लोहचुंबक चिकटला नाही, तर ते बहुधा शोभेसाठी ओतलेलं. स्क्रूला अधिक-चिन्हाची खाच दिसली, की तो स्क्रू तरी विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा.

'टॉवर' या अक्षरांवर मुळीच जाऊ नका. लंडनच्या टॉवरच्या त्या सरकारी शिक्क्याची नक्कल देशी कारागीर तेव्हाही करत. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर आधी बदामाच्या आकाराची मुद्रा असे, पुढे उभा सिंह आला. पण ठसा काय, आजही मारता येतो. मला खरं तर दस्त्यानेच सावध करायला हवं होतं. आपल्या मातीत, आपल्या पावसात, वाळवीत दोनशे वर्षं पुरलेलं लाकूड गुळगुळीत कसं राहील? गोष्ट ऐकताना हा प्रश्न मला सुचलाच नाही, याचं वाईट वाटतं.

जुनं हत्यार खरंच हाती आलं, तर ते भरलेलं आहे असंच धरा. नळीत डोकावू नका, घोडा ओढू नका, चिंचेने घासू नका. आधी ठाण्यात दाखवा. सगळीच जुनी हत्यारं १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटत नाहीत. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू विकण्याच्या धंद्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो, तो मागा. आणि वावरात सापडलं म्हणत असेल, तर कलेक्टरला कळवलं का, हे विचारा. मी साधी पावतीही मागितली नव्हती.