कानातल्यांचा धंदा : आधी कान, मग दागिना

कापडाच्या दुकानात कानातल्यांचे काय काम, असे कोणी विचारील. पण गेल्या काही वर्षांत ड्रेस मटेरियल आणि लग्नाच्या जोड्यांबरोबर मॅचिंग झुमके, बाळ्या, टॉप्स मागण्याची रीत पडली आहे. आमच्यासारख्या अनेक कापड व्यापाऱ्यांनी काउंटरवर त्यांचा एक ट्रे ठेवला आहे. नफा बरा मिळतो, जागा कमी लागते. मात्र कापडाचा पोत हातात घेताच ओळखणारे आम्ही, कानातल्याच्या धातूबद्दल काहीच जाणत नव्हतो. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली.

२०१४ साली ईदच्या हंगामात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मुलीसाठी जोड्यावर शोभतील असे काळपट रुपेरी झुमके नेले. "चांदीचे आहेत का?" असे त्या बाईंनी विचारले. घाऊक व्यापाऱ्याने आम्हाला "जर्मन सिल्व्हर" सांगितले होते, तेच आम्ही पुढे सांगितले, "म्हणजे चांदीसारखेच समजा" असेही वर जोडले. चार दिवसांनी त्या परत आल्या. "चाचा, पोरीच्या कानातून पाणी येतंय. चांदीनं असं होतं का?" आम्ही पैसे परत केले, पण त्या बाई नंतर वर्षभर दुकानात फिरकल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही हा विषय डॉक्टरांकडून, सोनारांकडून आणि कारागिरांकडून समजून घेतला. तोच येथे मांडत आहोत.

चांदी नसलेली चांदी

जर्मन सिल्व्हर हे तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. त्यात चांदी नसते, नाव केवळ रंगावरून पडले आहे. कानाला सर्वात जास्त त्रास देणारा धातू म्हणजे हेच निकेल. काहींच्या अंगाला ते सोसत नाही. दागिना घातल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी पाळीला खाज सुटते, लाली येते, कातडी सोलते, पाणी सुटते. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. मग घड्याळाचा पट्टा आणि पँटचे बटणही त्रास देते. टोचलेल्या कानात धातू थेट मांसाला लागून राहतो, म्हणून ही तक्रार कानापासून सुरू होण्याचे प्रमाण मोठे आहे.

मुलाम्याचा मालही तपासून घ्यावा. सोनेरी दिसणाऱ्या पितळी दागिन्यात मुलाम्याखाली पुष्कळदा निकेलचा थर दिलेला असतो. वरचा मुलामा झिजला की तो थर कातडीला लागतो. "सहा महिने काही झाले नाही, आता का होते?" या प्रश्नाचे उत्तर बरेचदा हेच असते.

युरोपीय संघाने १९९४ मध्येच यावर कायदा केला. २००४ च्या दुरुस्तीने टोचलेल्या जागेत घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, अशी मर्यादा ठरली. मालाड आणि राजकोट ही इमिटेशन दागिन्यांची मोठी केंद्रे आहेत. तेथून माल उचलणाऱ्याने "निकेल-फ्री" हा शब्द तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावा. घरच्या घरी तपासायचे तर डायमिथाइल ग्लायऑक्झिमचे द्रावण मिळते. कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर घासले आणि बोळा गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे असे समजावे.

कोणता धातू चांगला?

नव्याने टोचलेल्या कानाला टायटॅनियम किंवा चांगले सोने सर्वात सुरक्षित. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा शिक्का असतो. हॉलमार्कची सक्ती २०२१ मध्ये सुरू झाली, पण २ ग्रॅमहून कमी वजनाचे दागिने तीतून वगळले गेले. लहान मुलींच्या बाळ्या आणि टॉप्स याच वजनात बसतात. म्हणून तेथे शिक्का नसला तर पक्के बिल घेणे अधिकच जरुरीचे. पांढऱ्या सोन्यात कधी निकेल मिसळलेले असते, ते विचारून घ्यावे. ९२५ ची चांदी, म्हणजे ९२.५ टक्के चांदी व उरलेले बहुधा तांबे, भरलेल्या कानाला सहसा चालते. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असते पण ते फार कमी सुटते. तरीही ज्याला ॲलर्जी आहे त्याला ते देऊ नये.

कान टोचल्यावर

गिऱ्हाईक विचारते, म्हणून दुकानदाराला एवढे ठाऊक असावे. टोचणाऱ्याने हात धुऊन, पाकिटातली नवी सुई वापरावी. एकच सुई अनेकांना वापरली तर काविळीसारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. पाळी भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. वरच्या कडेला जो कडक भाग असतो, जेथे बुगडी घालतात, तो भरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते.

तोपर्यंत पहिला दागिना काढू नये. दिवसातून दोनदा हात धुऊन मिठाच्या पाण्याने जागा पुसावी. उकळून थंड केलेल्या एक कप पाण्यात पाव चमचा मीठ पुरे. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइन त्याहून चांगले. स्पिरिट, हळद-तेल, राख लावू नये. दागिना सारखा फिरवू नये, त्याने भरत आलेली जखम पुन्हा उघडते. पाळी गरम लागली, पू आला, ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी दागिना आपल्या मनाने काढू नये. भोक मिटून पू आत कोंडू शकतो. कडक भागाला सूज आली तर एक दिवसही थांबू नये, कारण तेथे रक्तपुरवठा कमी असतो आणि कानाचा आकार बिघडू शकतो. घरात कोणाच्या जखमेवर गाठ वाढण्याची खोड असेल, तर टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

रोज घालायचे कानातले

येथे आमचा कापडाचा अनुभव उपयोगी पडला. ज्या बायका दिवसभर ओढणी, स्कार्फ किंवा बुरखा वापरतात, त्यांच्या कानातले कापडाखाली दाबले जाते. उघड्या आकड्यात जॉर्जेट, शिफॉनचा धागा अडकतो. ओढणी ओढली की धागाही निघतो आणि पाळीलाही हिसका बसतो. अशा गिऱ्हाइकाला चपट्या माथ्याचे टॉप्स, मागे गुळगुळीत फिरकीचे, दाखवावेत. फिरकी फार घट्ट आवळू नये, पाळीमागे थोडी फट राहावी. लहान मुलींना लोंबते काही देऊच नये.

दांडी किंवा आकडा साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा असावा. फार बारीक तारेवर जड झुमका टांगला तर ती तार पाळीला दोरीसारखी कापते. भोक लांबत जाते आणि एक दिवस पाळी चिरते, ती टाक्यांशिवाय जुळत नाही. लग्नाच्या जड झुमक्यांना केसात अडकवायचे वेल, ज्यांना काही घरांत सहारे म्हणतात, ते केवळ शोभेचे नाहीत. ते वजन उचलतात. कार्यक्रम संपला की झुमके उतरवावेत, झोपताना कधीही ठेवू नयेत.

कारागीर आणि दुकानदारांसाठी

कारागीर बंधूंना आमची विनंती आहे की झुमका पितळेचा असो, कानात जाणारा आकडा मात्र चांदीचा किंवा निकेलविरहित द्यावा. तार तोळाभरही लागत नाही, आणि तिचे टोक कानशीने गोल केले तर कान ओरखडत नाही. दुकानदारांनी कानातले कानात घालून पाहू देऊ नये, कानाजवळ धरून आरशात दाखवावे. एकदा घातलेला माल परत घेऊन पुन्हा विकू नये. हा नियम विकतानाच सांगावा, म्हणजे वाद होत नाही. आणि बिलावर धातूचे खरे नाव लिहावे.

आता आमच्या ट्रेमध्ये तीन कप्पे आहेत, चांदीचा, निकेल नसलेल्या मालाचा आणि साध्या मुलाम्याचा. तिसऱ्या कप्प्यातले विकताना "हे थोडा वेळ घालायचे, ॲलर्जी असेल तर घेऊ नका" असे आम्ही स्वतः सांगतो. काही गिऱ्हाइके ते ऐकून माल ठेवून जातात. २०१४ मधल्या त्या बाई मात्र पुढे मुलीच्या लग्नाचा जोडा घ्यायला आल्या आणि चांदीच्या आकड्याचे झुमकेही आमच्याकडूनच घेतले. मालाचा ऐब सांगून विकला तर आजचा एक सौदा जातो, पण गिऱ्हाईक टिकते.