जागेवरची सायकल : आधी सीट, मग पायडल

गुडघेदुखी, शुगर किंवा वाढलेले वजन असले की डॉक्टर अनेकदा सायकल चालवायला सांगतात. रस्त्यावर गर्दी आणि खड्डे. म्हणून कुणी जुन्या बाजारातून व्यायामाची सायकल आणतात, तर कुणी साधी सायकल ट्रेनरवर, म्हणजे मागचे चाक पकडून ठेवणाऱ्या स्टँडवर, चढवून घरातच चालवतात. चार दिवस उत्साह राहतो. मग बूड दुखते, गुडघा कुरकुरतो, हाताला मुंग्या येतात आणि सायकलीवर कपडे वाळत पडतात. ‘आता आपले वय झाले’ असे म्हणून माणूस व्यायाम सोडतो. पण अनेकदा दोष वयाचा नसतो. सायकल आपल्या अंगाच्या मापाची केलेली नसते.

घरातच जास्त का दुखते?

रस्त्यावर खड्डा आला, वळण आले की आपण नकळत उठतो, सरकतो. जागेवरच्या सायकलीवर शरीराचा भार एकाच ठिकाणी राहतो. वारा लागत नसल्याने घाम वाळत नाही आणि ओल्या कपड्याने जांघा सोलवटतात.

माप कसे घ्यावे?

१. सीटची उंची : चालवताना जे बूट घालणार तेच घाला. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्यात थोडा बाक उरेल. ही तुमची उंची. सीटच्या दांडीवरील शेवटच्या खुणेच्या वर मात्र सीट काढू नका.

२. सीट पुढे-मागे : दोन्ही पायडल एका पातळीत आणा. दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीसमोरून खाली सोडा. दोरी पायडलच्या मधोमध आली की ठीक.

३. सीट सपाट : लांब पट्टी ठेवून पाहा. सीटचे नाक वर असेल तर मधल्या नाजूक भागातील नसा दाबल्या जातात.

४. हँडल : कोपरात थोडा बाक राहावा, खांदे सैल असावेत. पाठ किंवा मान दुखत असेल तर हँडल वर घ्या.

ट्रेनरवर मागचे चाक उचलले जाते, त्यामुळे सायकल पुढे झुकते आणि भार हातांवर येतो. पुढच्या चाकाखाली लाकडी फळी ठेवून दोन्ही चाके एका पातळीत आणा.

घरात सायकल एक आणि चालवणारे तिघे असतील तर प्रत्येकाच्या उंचीची खूण सीटच्या दांडीवर नेलपॉलिशने करून ठेवा.

दुखणे काय सांगते?

• गुडघा पुढून दुखतो : बहुधा सीट खाली आहे.
• गुडघ्यामागे ओढ बसते, कंबर डावी-उजवीकडे हलते : सीट वर आहे.
• तळहात, करंगळी बधिर होते : भार हातांवर जास्त आहे.
• बसायची जागा बधिर होते : ताबडतोब उतरा, सीटचे नाक तपासा.

बदल एका वेळी एकच करा, तोही बोटभर. जाड मऊ फोमची सीट नेहमी आराम देतेच असे नाही. हाडे फोममध्ये रुततात आणि दाब मध्ये येतो. बसायची दोन्ही हाडे टेकतील एवढी रुंद सीट बरी.

चालवताना

ताई, ओढणी आणि सलवारीचा घोळ बांधून घ्या, चेनमध्ये अडकतो. जाड शिवणीचा कपडा आत नको. चप्पल नको, घट्ट बूट घाला. पंखा, पाणी, टॉवेल जवळ ठेवा. दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहा. जमत नसेल तर खाली उतरा. चाक फिरत असताना लहान मुलांना दूर ठेवा, बोटे चेनमध्ये जातात.

सुरुवात रोज दहा मिनिटांनी करा. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग ठेवा. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. प्रौढांनी मध्यम व्यायाम किमान इतका करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे तेवढे होतात.

हे विसरू नका

इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालवू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला तर थांबा आणि लगेच साखर खा. शुगर असलेल्यांनी चालवून झाल्यावर तळपाय पाहावेत. बधिर पायाला फोड कळत नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबा आणि दवाखाना गाठा. गुडघ्याला सूज आली किंवा माप बसवूनही बधिरपणा गेला नाही, तर तपासून घ्या.

या कामाला एक पाना, एक दोरी आणि अर्धा तास लागतो. घरात सायकल धूळ खात असेल तर येत्या रविवारी तिच्यावरचे कपडे काढा आणि आधी सीटचे माप घ्या.