ग्राहक पुन्हा का येतो?

खडेबाजारातील एखाद्या जुन्या दुकानदाराला विचारावे, "तुमचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकते कशामुळे?" तो बहुधा एकच शब्द उच्चारील : ओळख. या शब्दात पुष्कळ गोष्टी सामावलेल्या आहेत. गिऱ्हाईक डाळ हातात घेऊन पाहते, तराजूच्या काट्यावर नजर ठेवते, आणि माल वाईट निघालाच तर संध्याकाळी पिशवी घेऊन पुन्हा दारात उभे राहते. दुकानदार उद्याही त्याच जागी भेटेल, ही खात्री त्या ओळखीच्या मुळाशी असते.

आज आपल्या समाजातील अनेक घरांतून, विशेषतः भगिनींच्या हातून, मोबाईलवर चालणारी छोटी ऑनलाइन दुकाने सुरू झाली आहेत. कोणी शेंगाचटणी व मसाले पाठविते, कोणी गोधड्या शिवते, कोणी लहान मुलांचे कपडे विकते. बेळगाव सोडून पुणे, मुंबई, बंगळूर येथे राहावयास गेलेली आपलीच माणसे त्यांचे पहिले गिऱ्हाईक असतात. आरंभ उत्साहाने होतो. परंतु यांतील काही दुकाने वर्षाच्या आतच मिटतात. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने आपले दुकान बंद करताना हिशेबाची वही मला दाखविली. त्या दुकानात तिच्या आईची साठवणीतील रक्कम गेली होती. वहीत दोनशेंहून अधिक नावे होती. परंतु तीनदा आलेली नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. "सर, माल तर चांगला होता," ती म्हणाली. माल खरोखरच चांगला होता. मग उणे कोठे पडले, याचा विचार करताना हा लेख सुचला.

तिसऱ्या मागणीचा हिशेब

प्रथम थोडे अंकगणित करू. समजा, एका मागणीत सर्व खर्च वजा जाता ६० रुपये सुटतात, आणि एक नवे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी जाहिरातीत सरासरी १५० रुपये खर्च होतात. पहिल्या मागणीअखेर ९० रुपयांची तूट राहते. दुसऱ्या मागणीनंतरही ३० रुपयांची तूट उरतेच. तिसऱ्या मागणीला प्रथमच ३० रुपये नफा दिसतो. प्रत्येक धंद्याचे आकडे निराळे असतील; पण जेथे जाहिरातीने गिऱ्हाईक आणावे लागते, तेथे एकदाच येऊन गेलेले गिऱ्हाईक पुष्कळदा नफ्याचे नसून तोट्याचे असते. नावांची यादी वाढत होती म्हणून माझी विद्यार्थिनी खुशीत होती, आणि त्या यादीबरोबर तोटाही वाढत होता.

न दिसणाऱ्या दुकानाचा जुना धडा

दुकानदार न दिसताच माल मागवावयाचा, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत शिकागो येथे ॲरन मॉन्टगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ साली एका कागदावर मालाची यादी छापून टपालाने विक्री सुरू केली. खेड्यातील शेतकऱ्यांना शंका होती : पैसे पाठविले आणि माल वाईट आला तर? १८७५ मध्ये वॉर्डने जाहीर केले की, माल पसंत न पडल्यास पैसे परत मिळतील. आपल्याकडे टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची सोय केली. पार्सल हाती आल्यावर पोस्टमनकडे पैसे द्यावयाचे. कित्येक मराठी घरांत पुस्तके याच व्ही. पी. ने आली. आजचे 'कॅश ऑन डिलिव्हरी' हे तिचेच वंशज होय.

या दोन्ही युक्त्यांचे मर्म एकच आहे. अनोळखी व्यवहारातील जोखीम गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून काढून घेतली गेली. २०१६ पासून यूपीआय आल्यामुळे पैसे आगाऊ पाठविणे फार सोपे झाले. परंतु त्याबरोबर जोखीमही गुपचूप गिऱ्हाईकाकडे परत गेली. ती जोखीम जो दुकानदार आपण होऊन स्वतःकडे घेतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येते. हे घडावे कसे, ते आता क्रमाने पाहू.

१. वर्णन खरे असावे

ऑनलाइन दुकानात छायाचित्र व मजकूर हाच तराजू होय. वजन किती, घटक कोणते, माल कोणत्या महिन्यात तयार केला, किती दिवस टिकेल, टपालखर्च धरून एकूण किंमत किती, हे सर्व पैसे भरण्यापूर्वी दिसले पाहिजे. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही द्यावा. गोधडीचा रंग छायाचित्रात भडक दिसत असेल, तर "प्रत्यक्षात रंग थोडा फिका आहे" असे लिहावे. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे जाईल; पण जे येईल ते फसल्याच्या भावनेने जाणार नाही.

हदीसमध्ये हजरत पैगंबर साहेबांची एक हकीकत आहे. धान्याच्या एका राशीजवळून जाताना त्यांनी आत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. त्या मालकाचा दोष धान्य भिजण्यात नव्हता, ओल खाली लपविण्यात होता. छायाचित्र काढताना हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्याने स्वतःला विचारावा.

२. वचन थोडे द्यावे, पण पाळावे

तीन दिवसांत माल पोचेल असे सांगून पाचव्या दिवशी पोचविला, तर गिऱ्हाईक नाराज होते. सहा दिवस सांगून पाचव्याच दिवशी पोचविला, तर तेच गिऱ्हाईक संतुष्ट होते. दिवस तेवढेच, फरक केवळ शब्दाचा. उशीर होणार असे दिसताच, त्याने विचारण्यापूर्वी आपणच कळवावे. जे जमणार नाही ते नाकारण्यातही पत असते. भर उन्हाळ्यात कुंदा दूरच्या गावी पाठविणे धोक्याचे वाटल्यास तसे स्पष्ट सांगावे. तो नकार गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतो.

३. चूक झाली तर

खरी परीक्षा येथे होते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी परगावच्या एका लहान दुकानातून पुस्तके मागविली होती. दोन प्रतींत मधली पाने कोरी निघाली. मी कळविले. त्याच संध्याकाळी क्षमायाचनेचे उत्तर आले, आणि आठवड्याच्या आत नव्या प्रती आल्या. दुसऱ्या एका दुकानाने अशाच तक्रारीला उत्तर दिले नाही. त्याच्या जाहिराती मात्र रोज येत राहिल्या. पुढील खरेदी आम्ही कोठून केली, हे सांगावयास नको.

वरच्या हिशेबातच पाहा. फुटलेल्या बरणीच्या बदली दुसरी पाठविण्यास १४० रुपये लागले, तरी ते नवे गिऱ्हाईक शोधण्याच्या १५० रुपयांहून कमीच आहेत. शिवाय कायदाही हेच सांगतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिणेही या नियमांत निषिद्ध आहे.

४. ओळख ठेवावी, पिच्छा पुरवू नये

अमुक घरी तिखट कमी लागते, तमुक घरी लसूण चालत नाही, एवढी नोंद वहीत असली की दूरच्या गिऱ्हाईकालाही खडेबाजारातील ओळखीचा अनुभव येतो. परंतु सकाळ-संध्याकाळ संदेश पाठविणे म्हणजे ओळख नव्हे. गिऱ्हाईकाचा दूरध्वनी क्रमांक व पत्ता ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. ती दुसऱ्यास देऊ नये. "आता दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणे, किंवा शेवटच्या क्षणी जादा आकार दाखविणे, यांस २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसवणुकीच्या प्रकारांत धरले आहे. सततच्या सवलतींवरही विसंबू नये. केवळ सवलतीसाठी आलेले गिऱ्हाईक अधिक सवलतीसाठी दुसरीकडे जाते.

वहीतील एक स्तंभ

हे सारे साधले की नाही, ते कसे कळावे? विक्रीच्या वहीत एक स्तंभ वाढवावा : "कितवी मागणी?" तीन महिन्यांनी पाहावे. ४० नव्या गिऱ्हाइकांपैकी १४ पुन्हा आली असतील, तर शेकडा ३५ परतली. पुढील तिमाहीत हा आकडा वाढला की घटला, ते पाहावे. जी परतली नाहीत त्यांतील पाच जणांना नम्रपणे कारण विचारावे, आणि उत्तर कडू असले तरी लिहून ठेवावे. गोधडीसारखी वस्तू कोणी दरमहा घेत नाही, हे खरे, तेथे "कोणाच्या शिफारशीने आले?" हा स्तंभ ठेवावा. गिऱ्हाइकाने धाडलेली शेजारीण ही त्याची दुसरी मागणीच होय.

आपल्या ट्रस्टला इतकी वर्षे लोक वर्गणी देत आले, ते पावती वेळेवर मिळते आणि हिशेब सभेत वाचला जातो म्हणून. तोच नियम घरातल्या छोट्या दुकानाला लागू आहे. महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने अशा भगिनींसाठी महिन्यातून एक दिवस वही-वाचनाची बैठक भरवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीने पुन्हा दुकान उघडावयाचे ठरविले आहे. तिच्या नव्या वहीत तो स्तंभ आखलेला आहे.