पत्र्याची बासरी आणि आपली पट्टी

प्रस्तावना

‘टायटॅनिक’ (1997) या चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या आरंभी जो करुण सूर ऐकू येतो, तो आपल्या बांबूच्या बासरीचा नव्हे. तो ‘टिन व्हिसल’ या वाद्याच्या कुळातील आहे. इंग्लंड आणि आयर्लंड येथील हे एक साधे व स्वस्त लोकवाद्य होय. आपल्यापैकी कोणाला ते घ्यावेसे वाटले, तर पहिला प्रश्न किमतीचा नसतो; तो पट्टीचा असतो. प्रस्तुत पाठात या वाद्याची ओळख करून घेऊ आणि सहसा न आढळणाऱ्या पट्टीचे वाद्य थोड्या पैशांत कसे निवडावे, याचा विचार करू.

मूळ पाठ

तोंडाने वाजवायच्या नळ्या माणसाने फार प्राचीन काळापासून बनवल्या आहेत. परंतु आज ज्याला टिन व्हिसल म्हणतात त्याचा इतिहास इ. स. 1843 पासून सांगतात. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील कोनी वेस्टन या खेड्यात रॉबर्ट क्लार्क नावाचा एक सामान्य माणूस राहत असे. कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा गुंडाळून त्याने निमुळती नळी केली, तिच्या तोंडाशी लाकडाचा ठोकळा बसवला आणि सहा भोके पाडली. पुढे तो आपले सामान घेऊन मँचेस्टर या औद्योगिक शहरात गेला. तेथील कामगारांना परवडेल असे हे वाद्य होते. ‘पेनी व्हिसल’ हे त्याचे दुसरे नाव त्याच्या स्वस्ताईची साक्ष देते.

या वाद्यात फुंकीचा मार्ग ठरलेला असतो. बांबूच्या आडव्या बासरीत ओठांचा कोन साधण्यास कित्येक आठवडे लागतात. येथे फुंकताच स्वर निघतो. मात्र ओठांनी स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याची सोय त्यामुळे जवळजवळ नाहीशी होते. ज्या पट्टीचे वाद्य, त्याच पट्टीचे ते राहते. म्हणूनच निवड महत्त्वाची ठरते.

सर्वांत प्रचलित वाद्य ‘डी’ पट्टीचे, म्हणजे आपल्या पेटीवरील पांढरी दोनचे असते. आयर्लंडमधील बहुसंख्य नृत्यधुना डी आणि जी या पट्ट्यांत वाजतात व त्या दोन्ही या एकाच नळीवर सहज येतात. त्या धुना शिकायच्या असतील तर अन्य विचार करूच नये. परंतु एखाद्या गायिकेला साथ करायची असेल तर? गळा वाद्याला जुळत नाही म्हणून गाणाऱ्याने आपली पट्टी सोडावी, हा न्याय उलटा आहे. गळा बदलता येत नाही. नळी बदलता येते.

येथे एक मोठी फसगत संभवते. टिन व्हिसलचे नाव सहाही भोके बंद केल्यावर निघणाऱ्या स्वरावरून पडते. आपल्याकडे बासरीची पट्टी सामान्यतः वरची तीन भोके बंद असताना निघणाऱ्या षड्जावरून सांगतात, कारण षड्जाच्या खाली मंद्र पंचमापर्यंत उतरता यावे लागते. दोन्ही वाद्यांना सहाच भोके, पण नाव देण्याची रीत निराळी!

समजा, गायिकेची पट्टी काळी दोन आहे. पाश्चात्त्य नावाने ही पट्टी ‘ई फ्लॅट’ होते. म्हणून कोणी ई फ्लॅटची टिन व्हिसल मागवली, तर तीन भोके बंद केल्यावर षड्ज लागेल तो काळी चारचा. प्रस्तुत लेखकाने हीच चूक करून परदेशातून वाद्य मागवले होते. वाद्याइतकाच खर्च टपालाचा झाला. सर्व भोके बंद करून त्यावर काळी दोनचा षड्ज मिळत होता खरा, पण गाणे षड्जाखाली उतरले की नळीच संपत असे. हवी होती ती ‘बी फ्लॅट’ची नळी. नियम असा लक्षात ठेवावा: ज्या स्वराला आपला षड्ज मानायचा, त्याच्या खालच्या पंचमाच्या नावाची नळी घ्यावी. पांढरी चार गाणाऱ्यास ‘सी’ची आणि काळी पाच गाणाऱ्यास ‘एफ’ची नळी उपयोगी पडेल.

अशा कमी प्रचलित पट्ट्या स्वस्तात मिळतात का? काही निश्चित मिळतात. ‘जनरेशन’ या इंग्रजी बनावटीच्या, पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या नळ्या आणि प्लास्टिकचे तोंड असलेल्या बासऱ्या बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि जी अशा सहा पट्ट्यांत बनत आल्या आहेत. क्लार्कच्या बासऱ्या मुख्यतः डी व सी पट्टीतच असतात. काही कारखानदार एकाच तोंडाला लावता येतील अशा दोन नळ्यांचा जोड विकतात. दोन पट्ट्या हव्या असणाऱ्यास तो किफायतशीर पडतो. अमेरिकेतील ‘सुसाटो’च्या प्लास्टिकच्या बासऱ्या बहुतेक सर्व पट्ट्यांत असतात, त्यांचा आवाज मोठा असतो आणि किमतही साध्या पत्र्याच्या बासरीहून अधिक असते.

पट्टी जसजशी खाली जाते, तसतशी नळी लांबत जाते. डीच्या नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे 587 कंपनांचा, तर बी फ्लॅटचा सुमारे 466 कंपनांचा असतो. म्हणजे डीची नळी एक फुटाच्या आसपास असेल, तर बी फ्लॅटची सव्वापट लांब हवी. भोकांतील अंतरेही त्याच प्रमाणात वाढतात आणि फुंकही अधिक लागते. बोटे आखूड असणाऱ्याने हे आधी पाहावे. याउलट जीच्या नळीवर जाड बोटांची दाटी होते, आणि तिचा वरचा सप्तक कानाला टोचतो.

याहून खालच्या पट्ट्यांचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. आयरिश वादक फिनबार फ्युरी यांची आवडती भारतीय बांबूची बासरी दौऱ्यात मोडली. ती दुरुस्त होईना, तेव्हा इंग्लंडमधील बर्नार्ड ओव्हरटन यांनी 1971 साली तिच्या जागी धातूची लांब नळी बनवून दिली. आजची ‘लो व्हिसल’ ती हीच. मात्र तिला स्वस्त म्हणता येणार नाही.

स्वस्त वाद्य पारखूनच घ्यावे. एकाच कारखान्यातील, एकाच पट्टीच्या दोन नळ्याही सारख्या वाजत नाहीत. तळाचा स्वर हलक्या फुंकीत स्थिर राहतो का, वरच्या सप्तकातील तोच स्वर पेटीशी जुळतो का, हे ऐकावे. वाद्य थोडे चढे असेल, तर प्लास्टिकचे तोंड कोमट-गरम पाण्यात क्षणभर धरून सैल करावे व किंचित बाहेर ओढावे, स्वर उतरतो. पण फार ओढल्यास स्वरांची परस्परांतील अंतरे बिघडतात, म्हणून या युक्तीने पट्टी बदलण्याची आशा धरू नये. स्वर फाटत असेल, तर फुंकमार्गाखालच्या पोकळीत थोडे मेण भरण्याची वादकांची जुनी रीत आहे. जुन्या बाजारातील वाद्य घेताना मात्र सावध राहावे. पूर्वीच्या काही बासऱ्यांच्या तोंडात शिशाचा ठोकळा असे, आणि शिसे विषारी असते.

केवळ घरच्या भजनाला साथ करायची असेल, तर त्या पट्टीची बांबूची बासरीच घेणे शहाणपणाचे, असे लेखकाचे मत आहे. तिच्यावर मींड निघते. टिन व्हिसल घ्यावी ती तिच्या स्वतःच्या धारदार, निर्मळ आवाजासाठी.

शब्दार्थ

पट्टी – गाण्याचा आधारस्वर. मंद्र – खालच्या सप्तकातील. मींड – एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. किफायतशीर – कमी खर्चाचे.

पाठगत प्रश्न

1. टिन व्हिसल आणि बांबूची बासरी यांच्या पट्टीला नाव देण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?
2. पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या व्यक्तीस साथ करण्यासाठी कोणत्या नावाची नळी मागवावी? कारण लिहा.
3. ‘गळा बदलता येत नाही, नळी बदलता येते’ या विधानाशी आपण सहमत आहात का? आपल्या परिसरातील एखाद्या गायन-वादनाचा अनुभव आठवून आठ-दहा ओळी लिहा.