आधी जमीन विचार, मग लाकूड काढ

वखार आता तू बघणार, तर हे एकदा नीट ऐकून ठेव. दारं, खिडक्या, पलंग, मागाच्या शेडची छपरं ही कामं तुझ्या हाताला बसली आहेत. माणसाच्या शेवटच्या कामाचं लाकूड मात्र वेगळं बघावं लागतं, आणि भिवंडीत हे काम चारी बाजूंनी दारात येतं. निजामपुऱ्यातून, शांतीनगरातून कबरीवरच्या फळ्या मागायला येतात. कामतघरातून तिरडीच्या बांबूसाठी येतात. ठाण्या-वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून पेटीचा निरोप येतो. आलेला माणूस रडून थकलेला असतो, त्याला साग आणि आंबा यातला फरक समजावत बसू नकोस. त्याला एकच विचार : दफन कुठे आहे, आणि तिथली जमीन कशी आहे? त्याला ठाऊक नसेल तर कब्रस्तानातल्या गोरकनाला किंवा चर्चच्या माणसाला फोन लाव. त्यांचं उत्तर आल्याशिवाय करवत उचलू नकोस.

फळ्यांचं आधी सांगतो, कारण तेच काम जास्त. मुसलमानांत माणूस कफनात जातो, पेटीत नाही. मशिदीचा जनाजा कब्रस्तानापर्यंत पोचवायला असतो आणि तो रिकामा परत येतो. जमिनीत राहतात त्या फळ्या. माती घट्ट असेल तर कबरीच्या पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे किब्ल्याच्या अंगाला, आत कोनाडा खणतात, ती बगली कबर. माती भुसभुशीत असेल तर भिंत ढासळते, म्हणून मधोमध चर खणून त्यावर आडव्या फळ्या टाकतात, ती संदूक. आपल्याकडे कामवारीच्या काठचा सखल भाग आणि खाडीकडची ओली माती बघता संदूकच जास्त. त्या फळीच्या अंगावर तीन-चार फूट माती येते आणि खाली माणूस असतो. म्हणून दीड इंचाखाली जाऊ नकोस. चर दीड-दोन फूट रुंद असतो. फळी दोन्ही कडांवर निदान सहा-सहा इंच टेकली पाहिजे, तेवढी लांबी जास्त काप. गाठ मधोमध येईल अशी फळी देऊ नकोस, भार आला की ती तिथेच मोडते. गाठ टोकाला घे, म्हणजे ती मातीवर टेकते. सालीकडचा पांढरा भाग मुंग्या आणि वाळवी आधी खातात, तो तासून टाक. ऐन, किंजळ, जुन्या घरातून निघालेला साग चालतो. आंबा आणि सावर इथे नको. पहिल्या पावसातच ती बसतात, कबर खचते, आणि घरचा माणूस शुक्रवारी फातेहा पढायला जातो तेव्हा त्याला खड्डा दिसतो. दोन पावसाळे टिकेल अशी फळी दे, तोवर माती आपली आपण दाबून बसते.

पेटीचं याच्या अगदी उलट. फळीनं धरून ठेवायचं असतं, पेटीनं विरून जायचं असतं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात ख्रिस्ती दफनभूमीत जागा फार थोडी. काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडून दुसऱ्याला द्यावी लागते. तेव्हा आत सागाची पॉलिश केलेली पेटी जशीच्या तशी निघाली तर खणणाऱ्याचे हाल आणि घरच्यांना नको ते दर्शन. साग त्याच्या अंगच्या तेलामुळे वर्षानुवर्षं कुजत नाही. दारासाठी तो गुण, इथे तोच अडसर. म्हणून साधी पेटी आंब्याची, सावरीची किंवा पॅकिंगच्या पाइनची कर. पाऊण इंची फळी पुरते. सहा फुटी पेटी सागाची केलीस तर रिकामीच चाळीस किलोच्या पुढे जाते, पाइनची तिसाच्या आसपास राहते, आणि उचलणाऱ्या सहा जणांना तो फरक खांद्यावर कळतो. सनमायका, पीयू पॉलिश, पार्टिकल बोर्ड यांना हातही लावू नकोस. बोर्ड म्हणजे रसायनाच्या डिंकानं चिकटवलेला भुसा. तो ओला झाला की फुगून उचलतानाच तुटतो, आणि त्यातला डिंक मात्र मातीत राहतो. वसईच्या काही धर्मग्रामांत अलीकडे पेटी सोडून नुसत्या कापडात दफन करतात. मला ते मनापासून पटतं. तिथून कुणी आला तर पेटी गळ्यात मारू नकोस. खाली सोडायला एक मजबूत पाट आणि दोर दे, आणि पाट परत घे.

आकार दोन. एक सरळ चौकोनी, दुसरा जुना सहा कोनांचा, खांद्याशी रुंद आणि पायाकडे निमुळता. जुन्याला लाकूड कमी लागतं, पण खांद्याच्या वाकाशी हात बसावा लागतो. बाजूची फळी तिथे जोडायची नाही, वाकवायची. आतल्या बाजूने करवतीचे पाच-सहा काप दे, फळीच्या अर्ध्याहून थोडे खोल, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. मग त्या कापांवर उकळतं पाणी ओत, जरा थांब, आणि फळीची दोन्ही टोकं धरून सावकाश आत आण. काप मिटत येतात तसा वाक येतो. घाई केलीस तर बाहेरची चामडी तडकते. तडकलीच तर ती फळी बाजूला ठेव, लांबी-खिळे मारून झाकू नकोस. सुकं लाकूड असं वाकत नाही, म्हणून यासाठी थोडं ओलसर पाइन वेगळं जपून ठेव.

माप घेताना उंचीत तीन-चार इंच वाढव. रुंदी खांद्याची आणि कोपरांची, छातीची नव्हे. आणि मजला विचार. आपल्याकडच्या चाळींचे जिने असे की उभी पेटी वळणावर अडते, मग जिवंत माणसांसमोर मृताची ओढाताण होते. जिना अरुंद असेल तर स्पष्ट सांग : पेटी खाली ठेवा, माणसाला चादरीच्या झोळीत खाली आणा. आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

बाजारात सोनेरी प्लॅस्टिकच्या मुठी मिळतात. त्या शोभेच्या आहेत, त्यांना धरून कुणी उचलू लागला तर हातात मूठ आणि खाली पेटी. एक तर लोखंडी मूठ आरपार बोल्टनं लाव, नाहीतर काथ्याचा जाड दोर तळाच्या पट्ट्यांखालून घे. तळात भुसा पसर, त्यावर सुती कापड. प्लॅस्टिकचा कागद अंथरायला सांगतात. पावसाळ्यात प्रवास लांबचा असेल तेवढ्यापुरता अंथर, आणि कबरीशी पोचल्यावर काढून घ्यायला सांग.

पावसाळ्याची आणखी एक गोष्ट तर छातीवर लिहून ठेव. जून ते सप्टेंबर इथल्या खड्ड्यात पाणी येतंच. सांधे राळेनं बुजवलेली पेटी तीनशे-साडेतीनशे लिटर पाणी बाजूला सारते, आणि आत माणूस व लाकूड मिळून वजन शे-सव्वाशे किलो. ती बुडणार कशी? ती तरंगते, आणि वरून माती टाकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हलते. म्हणून पावसाळ्यात तळाला गिरमिटानं भोकं पाड, आणि ती आतून भुशानं झाकून ठेव. मुसलमानांतही जमीन फारच ओली किंवा पोकळ असेल तर पेटीला धर्मशास्त्राची मोकळीक आहे. तेव्हा आत तळाला मातीचा थर देतात. कुणी असं मागायला आला तर चकित होऊ नकोस.

लाकूड कुठून आणायचं, हे बघ. मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे इथल्या गोदामांतून परदेशी मालाचे पॅलेट आणि खोकी ढिगानं निघतात. पाइन स्वस्तात मिळतं, मीही घेतो. पण प्रत्येक पॅलेटवर भाजून उठवलेला शिक्का बघ. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, आणि शेवटी एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं. ते घे. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते नको, रंधा मारताना त्याचा भुसा तुझ्याच नाकात जातो. शिक्काच नाही किंवा लाकडावर तेलकट, रंगीत डाग आहेत, तर ते रसायनाच्या गोदामातलं समज आणि तिथेच ठेव.

कफनाचं कापड आपण विकत नाही, पण लोक विचारतातच, कारण हे गावच मागांचं. अर्ध्या गावाचं पोट ज्या कापडावर, त्याच कापडात शेवटी जायचं. ग्रे कापडाला साइजिंगची खळ असते. ते कडक राहतं आणि अंगाला नीट लागत नाही, म्हणून कोरं उचलू नये, धुतलेलं घ्यावं. सूत ओळखायचं तर कडेचा एक धागा ओढून काडी लाव. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख देतं. पॉलिस्टर वितळतं, काळा मणी होतो आणि तो बोटांत फुटत नाही. तो मणी झाला की कापड परत कर, ते मातीत विरणारं नव्हे. पन्हा आधी मोज. वरची चादर अंगापेक्षा वीतभर तरी दोन्हीकडे लांब हवी, डोक्याशी आणि पायाशी गाठ मारायला. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. मात्र अन्सारी हनफी पंथाचे आणि कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे त्या तीन-पाचांत काय काय येतं ते वेगळं. हनफींत पुरुषाला इजार, कमीस आणि लिफाफा. शाफईंत तीन लिफाफे, म्हणजे गुंडाळायच्या तीन चादरी. घरच्या मोठ्या बाईला नाहीतर मशिदीत विचारून मगच फाडायला सांग.

तिरडीला ओला बांबू, भरीव असेल तितका बरा. दोन लांब दांडे, आडव्या कामट्या, वर पेंढा. बांधायला सुतळी किंवा काथ्या. नायलॉनची दोरी देऊ नकोस. चितेवर ती आधी वितळते आणि तिरडी वेळेआधी सुटते. लिंगायतांकडे मृताला बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात, तेव्हा ते मागायला येतात ती बसायची चौकट. पाठीला आधार उंच ठेव. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. यहुदी रीतीत पेटी असलीच तर अगदी साधी, लोखंडाविना. तसं काम आलं तर लाकडी खुंट्या मार, एकही खिळा नको. उलट पारशांकडे मृताला गेहानवरून, म्हणजे लोखंडी तिरडीवरून नेतात, कारण लाकूड ओल शोषतं आणि लोखंड शोषत नाही. ज्याच्या त्याच्या रीतीमागे सामानाचा असा विचार असतो. तो समजून घे, वाद घालू नकोस.

आखातातून पेटी येते तेव्हा तुला बोलावतील. कोकणी घरातला कुणी ना कुणी तिकडे असतोच. विमानानं मृतदेह आणण्याचे नियम १९५४ पासूनचे आहेत, त्यामुळे बाहेर लाकूड आणि आत झाळून बंद केलेला जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा असतो. लोक ती घरात उघडायला सांगतात, तसं करू नकोस. उघड्या अंगणात किंवा कब्रस्तानाच्या आवारात उघड, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून. आतून फॉर्मेलिनचा वास येतो, डोळे चुरचुरतात. लहान मुलांना लांब ठेव. झाळ कापायला पत्र्याची कात्री वापर, कटर फिरवू नकोस, ठिणगी उडते. पत्र्याची कापलेली कड लगेच आत वाकव, नाहीतर उचलताना कफनही फाटतं आणि हातही. रिकामी पेटी भंगारात विकू नकोस, पत्रा वेगळा करून लाकूड जाळून टाक.

आता छोट्या मापांचं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. ढिगाऱ्याखालून निघालेल्यांत लहान मुलं बरीच होती. त्या दिवसांत अख्ख्या गावात लहान फळ्या शोधत फिरावं लागलं. तेव्हापासून वरच्या मांडणीवर अडीच आणि साडेतीन फुटी फळ्या कायम कापून ठेवल्या आहेत. त्यांना मोडून स्टूल-पाट करू नकोस, कितीही लाकूड कमी पडलं तरी. त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, हे आपल्या घरात ठरलेलं आहे. बेवारस मयतासाठी पोलीस किंवा महापालिकेचा माणूस आला तरी फळी तीच दे, जी तू कारखानदाराच्या बापाला देशील. कमी जाडीची काढू नकोस, वरून कुणी बघणार नाही म्हणून.

आणि भाव. या वेळी कुणी घासाघीस करत नाही, म्हणून भाव तू आधी सांगायचा, त्यानं विचारण्याआधी. स्वस्तातलं पहिलं दाखव. तो आपणहून महाग मागू लागला तर कबर किती वर्षांत पुन्हा उघडतील ते त्याला सांग आणि मग त्याला ठरवू दे. पैसे लगेच नसतील तर सामान उचलून दे. वहीत गल्लीचं नाव आणि तारीख लिही, मृताचं नाव लिहू नकोस. हिंदूच्या घरी तेरावं होईपर्यंत आणि मुसलमानाच्या घरी चाळिसावं होईपर्यंत वसुलीला जायचं नाही. ख्रिस्ती माणसं बहुधा सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर आपणहून येतात.